कोऱ्या पानांचं वाचन

रविवारच्या पुरवणीत मावशीचा फोटो आला, तेव्हा मी तिच्या चेहऱ्याच्या आधी तिच्या हाताकडे पाहिलं. फोटोग्राफर सभागृहाच्या बाल्कनीत चढला असावा. वरून घेतलेला फोटो होता. टेबल, दिवा, मावशीचं पांढरं डोकं आणि समोर उघडलेली निळी फाइल. फाइलमधलं उजवं पान कोरं होतं. डावं, म्हणजे वाचून उलटलेलं पान, तेही कोरंच होतं.

खाली ओळ होती : 'शहात्तराव्या वर्षी नवा बहर. आगामी कादंबरीतला उतारा वाचताना ज्येष्ठ लेखिका.'

मावशीच्या डोळ्यांचा मधला भाग पाच वर्षांपूर्वी गेला. कडेनं तिला दिसतं. दाराची चौकट, कपाचा कान, जिन्याची पायरी तिला कळते. ज्याच्याकडे थेट बघावं, नेमकं तेच दिसत नाही. म्हणून समोरच्या माणसाशी बोलताना ती त्याच्या कानाकडे बघते, आणि लोकांना वाटतं बाई विचारात आहेत. अक्षर मात्र कुठल्याच बाजूनं दिसत नाही. हे चार जणांनाच ठाऊक होतं : डोळ्यांचे डॉक्टर, माझी आई, मी आणि टंककाका.

टंककाका हे नाव मी लहानपणी ठेवलेलं. एका कचेरीत ते लघुलेखक होते. समोरचा बोलेल ते खुणांच्या लिपीत झरझर उतरवून घ्यायचं आणि मग टाइप करायचं, हे त्यांचं काम. मावशीची हस्तलिखितं गेली चाळीस वर्षं तेच टाइप करत आले. डोळे गेल्यावर तिनं त्यांना घरी समोर बसवून मजकूर सांगून पाहिला. जमेना. "एका माणसाला सांगायला लागले की मी खुलासे करत बसते," ती म्हणायची. "दोनशे अनोळखी माणसं समोर असली की खुलासा करायची लाज वाटते. मग वाक्य नीट येतं."

त्यातून तिची पद्धत ठरली. पंधरा दिवस घरातल्या घरात फेऱ्या मारत ती एक भाग डोक्यात तयार करायची. मग जाहीर वाचनाला जायची, कोऱ्या पानांची फाइल उघडायची आणि तो भाग पहिल्यांदाच, तिथेच, मोठ्यानं म्हणायची. अंदाजानं पानं उलटायची. लोकांना वाटायचं, लिहिलेलं वाचतेय. खरं तर ती तेव्हा लिहीत असायची. मागच्या रांगेत टंककाका वहीत उतरवून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी टाइप करून वाचून दाखवायचे, ती दुरुस्त्या सांगायची. नऊ वर्षं काही न छापलेल्या मावशीची एक कादंबरी अशी पूर्ण झाली, गाजली, आणि दुसरी निम्म्यावर आली होती.

"सांगून टाक ना सगळ्यांना," मी एकदा म्हटलं होतं.

"म्हणजे काय होईल? आंधळी असून लिहिते म्हणून कौतुक करतील. कौतुक झालं की पुस्तक वाचायची गरज उरत नाही."

संख्याशास्त्राची पदवी हातात आल्यावर नोकरी सुरू व्हायला तीन महिने होते. ते मी मावशीकडे काढत होते. कात्रणं वाचून दाखवायची, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या बदलायच्या, वाचनाला सोबत जायचं, ही माझी कामं. आधी कात्रणं टंककाका वाचून दाखवायचे. तीन आठवड्यांपूर्वी मी आल्यापासून ते काम माझ्याकडे आलं होतं.

त्या रविवारी मी बातमी वाचली. फोटोचंही सांगितलं.

"पान कोरं दिसतंय त्यात."

"दिसणारच. कोरंच आहे ते," मावशी म्हणाली. "पुढे?"

पुढे नेहमीप्रमाणे गाजलेल्या कादंबरीतलं ते वाक्य होतं. दोन बहिणी, एकच घर, वीस वर्षांचा अबोला. नवव्या प्रकरणात धाकटी निघून जाते. प्रकरणाच्या शेवटी थोरलीबद्दल : 'तिनं दार लावलं नाही, फक्त उघडं ठेवायचं सोडून दिलं.'

"पुन्हा वाच."

वाचलं. मी आल्यापासून या वाक्यापाशी ती तिसऱ्यांदा 'पुन्हा वाच' म्हणाली होती. कप ठेवताना तो बशीच्या कडेवर टेकला आणि कलला. मी धरला.

"किती कात्रणांत आहे गं हे वाक्य?"

मोजलेलंच होतं. "सदतीसपैकी एकवीस."

"एकवीस," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

सोमवारी सकाळी पुरवणीच्या संपादकाचा फोन आला. आवाज गोड होता.

"ताई, तो फोटो आमचाच. नंतर मोठा करून बघितला. जरा मजेशीर वाटला."

"कशात मजा वाटली?"

"मी काही म्हणत नाही हं. विचारतोय फक्त. नऊ वर्षं एक ओळ नाही. मग दोन वर्षांत एक कादंबरी, दुसरी अर्धी. पानं कोरी. बाईंच्या कानात यंत्र. आणि प्रत्येक कार्यक्रमाला मागच्या रांगेत एकच गृहस्थ, मान खाली, ओठ हलतायत. आमच्याकडे व्हिडिओ आहे."

"कानातलं श्रवणयंत्र आहे. बॅटरी मी बदलते."

"बदलत असाल की. मला एवढंच कळत नाहीये, की कोण सांगतंय आणि कोण ऐकतंय. पुढच्या रविवारी छापतोय. शुक्रवारी दुपारी बाराला पान लागतं. तोवर तुमच्या बाजूचं काही असेल तर द्या."

हे मी मावशीला जसंच्या तसं सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. ती चिडली नाही. दुपारी टंककाका घरी गेल्यावर तिनं हाक मारली.

"शंकासूर, कागद घे. आणि हे त्यांना सांगायचं नाही."

शंकासूर म्हणजे मी. पत्र प्रकाशकांना होतं. चार ओळींचं. शनिवारचं वाचन शेवटचं. चालू कादंबरी पूर्ण होणार नाही. यापुढे लेखन नाही. कारण विचारू नये, ही विनंती.

"रविवारी पाठव," ती म्हणाली.

"त्या पुरवणीवाल्याला घाबरून?"

"त्याला कशाला घाबरू? त्यानं विचारलेलं बरोबर आहे." ती माझ्या कानाकडे बघत होती. "कोण लिहितंय, ते हल्ली मलाही ठाऊक नाही."

माझ्या मनात पाल चुकचुकली. हे वाक्य कबुलीसारखं होतं. चाळीस वर्षं शेजारी बसलेला माणूस, न दिसणारी लेखिका, आणि मधली खुणांची वही, जी त्यांच्याशिवाय कुणालाच वाचता येत नाही. बाहेरून कुणी हे मला सांगितलं असतं, तर मीही म्हटलं असतं, कुठेतरी पाणी मुरतंय.

पण माझ्याकडे एक गोष्ट होती. दोन वर्षांपूर्वी मी हट्टानं एक छोटा रेकॉर्डर टंककाकांच्या गळी उतरवला होता. वही हरवली तर, म्हणून. "यंत्र काय माझ्यापेक्षा जास्त ऐकणार आहे?" ते म्हणाले होते, पण प्रत्येक वाचनाला आणि दुसऱ्या दिवशी घरी वाचून दाखवताना ते बटण दाबत आले. नंतर प्रुफं वाचली, तेव्हाही. अपमान गिळून दाबत आले म्हणा. रेकॉर्डिंग माझ्या संगणकात पडून होतं. कुणी कधी ऐकलं नव्हतं.

प्रश्न मी सोपा करून घेतला. छापलेल्या कादंबरीतलं प्रत्येक वाक्य मावशीच्या आवाजात कुठेतरी आहे का? वाचनात नसेल तर दुसऱ्या दिवशीच्या दुरुस्तीत? टंककाका लिहीत असतील, तर आवाज नसलेली वाक्यं पुस्तकभर विखुरलेली सापडतील. नसतील, तर सापडणार नाहीत. पुस्तकात तीन हजार एकशे शहाऐंशी वाक्यं होती. मी हेडफोन लावले, वेग दीडपट केला, पेन्सिल घेतली आणि प्रत्येक वाक्यापुढे तारीख आणि मिनिट लिहीत बसले.

त्या दिवसांत घरातलं सगळंच मला संशयास्पद वाटायला लागलं. सकाळी न्हाणीघराच्या दारामागून मावशीचा पुटपुटण्याचा आवाज यायचा. मंगळवारी मी दाराला कान लावला. ती दूरध्वनीचे आकडे म्हणत होती. माझ्या आईचा जुना क्रमांक, वारलेल्या मामाचा, डॉक्टरांचा. मग एकोणतिसाचा पाढा, उलटा. बुधवारी तिनं मला विचारलं, "मागच्या महिन्यातल्या वाचनाला मी कुठल्या रंगाची साडी नेसले होते?"

"करड्या."

"हं. मलाही करडीच आठवतेय." आणि तिनं सुटकेचा श्वास टाकला.

टंककाकांचंही तसंच. ते अकराला यायचे ते साडेदहाला यायला लागले.

"काय ऐकतेस गं दिवसभर?"

"गाणी."

"पुस्तक उघडून?"

"गाण्यांना अर्थ असतो, काका."

ते हसले नाहीत. टाइप मशीनवरचं कापड काढलं, पुन्हा घातलं. "त्या यंत्रात जुनं किती दिवस राहतं?"

"सगळंच राहतं."

"सगळं?"

"पहिल्या दिवसापासूनचं."

ते खुर्चीत बसले आणि तासभर एक कागदही मशीनला लावला नाही.

गुरुवारी सकाळपर्यंत मी आठ प्रकरणं पार केली होती. एकही वाक्य सुटलं नव्हतं. मला हलकं वाटत होतं, आणि जरा लाजही. नववं प्रकरण एका ग्रंथालयाच्या सभागृहात झालं होतं. मावशीचा आवाज शेवटाकडे आला : 'थोरलीनं दुसरं ताट उचललं आणि ते हातात धरून उभी राहिली.'

मग काहीच नाही. खुर्ची करकरली, कुणी खोकलं, काहीतरी खणखणलं. मी आकडा बघत होते. एकोणीस सेकंद. त्यानंतर टाळ्या.

दुसऱ्या दिवशीचं घरचं रेकॉर्डिंग लावलं. टंककाका ताटापर्यंत वाचतात. मावशी म्हणते, "इथे दोन ओळी सोडा. सुचलं की सांगते."

सांगितलेलं कुठेच नव्हतं. बाकीची पाच प्रकरणं मी भराभर संपवली. सगळी वाक्यं सापडली. शेवटी प्रुफांच्या वेळचं रेकॉर्डिंग. टंककाका वाचतात, "…हातात धरून उभी राहिली. प्रकरण दहा."

"थांबा," मावशी म्हणते. मग खुशीत, "बरोबर आहे. इथेच संपतंय ते. त्या दोन ओळी नकोत आता."

"बरं, बाई," टंककाका म्हणतात.

पुस्तकात मात्र त्यानंतर दार होतं. एकवीस कात्रणांतलं दार. तीन हजार एकशे शहाऐंशी वाक्यांपैकी तेवढं एकच मावशीच्या आवाजात नव्हतं.

मी हेडफोन काढून मागच्या खोलीत गेले. टंककाका मशीनसमोर बसले होते, दोन्ही हात मांडीवर.

"ते वाक्य तुमचं आहे."

त्यांनी मान हलवली. वाद घातला नाही. "एवढं एकच आहे गं."

"माहितेय. मोजलंय."

"दोन ओळींची जागा सोडलेली होती. मजकूर छपाईला द्यायच्या आदल्या दिवशी सहज टाइप करून बघितलं, कसं दिसतं. काढणार होतो. राहिलं. मग प्रूफ आलं आणि ते छापून आलेलं दिसलं." त्यांनी अंगठ्यानं मशीनची कड पुसली. "चाळीस वर्षं दुसऱ्याचं टाइप केलं. आपलं छापलेलं कसं दिसतं, ते माहीत नव्हतं."

"आणि वाचताना गाळलंत."

"गाळलं."

"ती म्हणाली, नकोत त्या ओळी. मी ऐकलंय. तुम्ही 'बरं, बाई' म्हणालात."

"पेन हातात होतं तेव्हा. लाल पेन. एक रेघ मारायची होती." ते खाली बघत बोलत होते. "मग कात्रणं यायला लागली. सगळ्यांना तेच वाक्य आवडलेलं. वाचून दाखवताना तेवढं गाळत गेलो. वाटलं, पुढच्या आवृत्तीत काढून टाकू, कुणाला कळणार नाही. मग तू आलीस. तू सगळं वाचतेस."

"तिनं तुम्हाला विचारलं नाही?"

"नाही ना! रोज वाटायचं, आज विचारतील. नाही विचारलं. म्हटलं, त्यांना वाटत असेल आपलंच."

हे ऐकलं आणि न्हाणीघरातले आकडे, उलटा पाढा, करडी साडी, सगळं माझ्या डोक्यात एका रेषेत आलं. मावशीनं कुणाला विचारलं नव्हतं, कारण उत्तराची तिला भीती होती. सगळं जग सांगत होतं की हे तुझं वाक्य, आणि तिला ते म्हटल्याचं आठवत नव्हतं. कागद तिच्याकडे नव्हताच. तिच्याकडे डोकं होतं. तिथून एक वाक्य नाहीसं होत असेल, तर उद्या अख्खं प्रकरण जाईल.

"काका, ती लिहिणं बंद करतेय," मी म्हटलं. "प्रकाशकांना द्यायचं पत्र तयार आहे. तिला वाटतंय, तिची स्मृती गेली."

"मी सांगतो त्यांना," ते म्हणाले, पण उठले नाहीत.

मीच गेले. मावशी खिडकीकडे पाठ करून बसली होती. मी सगळं क्रमानं सांगितलं. माझं झाल्यावर म्हणाली, "बरं रचलंस. तुझ्या आईनं सांगितलं का हे बोलायला?"

"मावशी, रेकॉर्डिंग आहे."

"रेकॉर्डिंगमध्ये नाही, म्हणजे मी म्हटलंच नाही, असं होत नाही. गाडीत म्हटलं असेन. जिन्यात म्हटलं असेन. त्यांनी टिपून घेतलं असेल, आणि आता माझी कीव येऊन ते अंगावर घेतायत. माणूस तसा आहे तो."

नसलेल्या आवाजावरून काही सिद्ध होत नाही, हे मला शिकवलेलंच होतं. मी ग्रंथालयातला तो शेवट लावला आणि आवाज वाढवला.

ताट. थोरली उभी राहते. शांतता सुरू झाली. मावशीनं मान तिरकी केली, श्रवणयंत्राचा कान पुढे करून.

"आठवतंय," ती हळू म्हणाली. "इथे अडले होते मी. थोरली ते ताट धाकटीसाठी वाढते की परत मांडणीत ठेवते, ते ठरत नव्हतं. दोन्ही खरं वाटत होतं." मग तिनं बोट वर केलं. "आता तिसऱ्या रांगेतल्या बाईच्या मांडीवरून काहीतरी पडेल. डबा."

खण्ण.

मी हा भाग सहा वेळा ऐकला होता. तो आवाज मी खुर्च्या-खोकल्यात जमा करून टाकला होता. तिचं बोट अजून हवेत होतं.

"आणि ती बाई उचलायला वाकली, म्हणून शेजारच्यांनी टाळ्या सुरू केल्या, तिला लाज वाटू नये म्हणून. मला वाटलं, माझी कीव केली." टाळ्या सुरू झाल्या. मावशी ऐकत राहिली. "नाही म्हटलं मी ते वाक्य. कुठेच नाही म्हटलं."

तिनं डोळे पुसले, आणि मग जोरात हाक मारली. "अहो! आत या."

टंककाका दारात येऊन उभे राहिले.

"किती वेळा बदललंत ते वाक्य?"

"एकदाच टाइप केलं, बाई."

"दिसतंच आहे ते."

"चुकलं माझं."

"वाक्य वाईट नाही. लोकांना आवडलं, त्यांचंही बरोबर आहे. पण मी तिला ताट हातात देऊन उभी ठेवली होती हो. दोनशे पानं त्या घरात कुणाला स्पष्ट बोलू दिलं नाही. आणि तुम्ही शेवटी येऊन समजावून सांगितलंत."

"पुढच्या आवृत्तीत—"

"ते राहू द्या." तिचा आवाज बदलला. "तीन आठवडे मी दाराआड पाढे म्हणतेय. वेड लागत चाललंय असं समजून. आणि तुम्ही इथे समोर बसून चहा पीत होतात."



ते पत्र मी त्याच संध्याकाळी फाडलं. मावशीनं तुकडे हातात मागून घेतले, बोटांनी चाचपले आणि मगच टाकू दिले.

शुक्रवारी सकाळी पुरवणीवाल्याला तिनं स्वतः फोन केला. मी फोनचा स्पीकर लावला. तिनं डोळ्यांचं सांगितलं, कोऱ्या पानांचं, मागच्या रांगेचं आणि त्या एका वाक्याचं. न विचारता सांगितलं. माझा तक्ताही मी त्याला पाठवला : प्रत्येक वाक्य, कुठल्या तारखेच्या रेकॉर्डिंगमध्ये, कितव्या मिनिटाला.

"म्हणजे ते वाक्य दुसऱ्याचं आहे, हे तुम्ही मान्य करता," तो म्हणाला.

"आणि तीन हजार एकशे पंच्याऐंशी माझी आहेत, हेही मान्य करते."

"हो हो, ते आहेच," तो घाईनं म्हणाला. पाठीमागे कुणाला तरी 'मथळा बदला' सांगत असल्याचं ऐकू आलं.

शनिवारी ती फाइल न घेता गेली. माइकसमोर उभी राहून म्हणाली, "मला दिसत नाही, त्यामुळे वाचता येत नाही. मी सांगते, तुम्ही ऐका." पस्तीस मिनिटं न अडखळता बोलली. टंककाका मागच्या रांगेत होते. लोक सारखे वळून त्यांच्याकडे बघत होते. कुणी तरी त्यांचा फोटो घेतला.

रविवारी पहिल्या पानावर आलं : '"ते वाक्य माझं नाही" : ज्येष्ठ लेखिकेची कबुली.' तक्ता छापला नव्हता. आत एका प्राध्यापकांनी लिहिलं होतं की एक वाक्य दुसऱ्याचं असेल, तर बाकीच्यांची खात्री कशी द्यायची, हा प्रश्न उरतोच. मी ते सगळं वाचून दाखवलं. काहीही गाळलं नाही. मावशी म्हणाली, "चांगला प्रश्न आहे," आणि पुढचं कात्रण मागितलं.

टंककाका येतील की नाही, मला शंका होती. सोमवारी ते अकराला आले. मावशीनं त्यांना येऊ नका म्हटलं नव्हतं. "त्या खुणा वाचणारं दुसरं कोण आहे?" एवढंच ती म्हणाली होती. पण व्यवस्था बदलली होती. टाइप त्यांनी करायचं, वाचून मी दाखवायचं, आणि तेव्हा त्यांनी बाहेरच्या खोलीत बसायचं. मी नोकरीवर गेले की समोरच्या निवृत्त शिक्षिका सकाळी वाचणार आणि खालच्या मजल्यावरची नर्स संध्याकाळी, तीच पानं. दोघींना एकमेकींबद्दल सांगायचं नाही, असं ठरलं होतं.

मी शनिवारचा मजकूर वाचायला लागले. सातव्या ओळीवर तिनं हात वर केला.

"हे मी म्हटलं होतं?"

"हो."

"रेकॉर्डिंग लाव."

लावलं. म्हटलं होतं, शब्द न् शब्द.

"बरं. पुढे."

चार ओळींनी पुन्हा हात वर. पुन्हा लावलं, पुन्हा तसंच निघालं. दुपारी दोनपर्यंत आम्ही तीन पानं केली. पूर्वी एवढ्या वेळात बारा व्हायची. चौथ्या पानाच्या मध्यावर एक लांब वाक्य होतं, तिच्या नेहमीच्या वाक्यांहून जरा सरळ. मी ते वाचलं आणि माझी मलाच शंका आली. मावशीचाही हात वर गेला होता.

बाहेरच्या खोलीत खुर्ची करकरली. "बाई, ते तुमचंच आहे," टंककाका म्हणाले. "तुम्ही म्हणालात तसंच उतरवलंय."

"तुम्हाला विचारलं नाही," मावशी दाराच्या दिशेनं म्हणाली, आणि माझ्या कानाकडे वळली. "लाव."